पाव फेरा

आवाज मला ऐकू आला नाही. अल्फेदाला आला.
ती खिडकीशी बटाटे सोलत होती,
मी कानांवर टोपी ओढून अंगणातला बर्फ लोटत होतो
आणि ट्रॅक्टर नेहमीसारखाच कुरकुरतोय असं मला वाटत होतं.
ती सोलाणं घेऊनच दारात आली.
"बंद कर. काहीतरी कातरलं जातंय."

बॉनेट उघडलं. खरंच.
पंख्याच्या पात्यांनी प्लास्टिकच्या कड्यावर
नखाएवढी कोर कोरली होती.
रेडिएटर एका कुशीवर कललेला,
बसल्या बसल्या डुलकी लागलेल्या म्हाताऱ्यासारखा,
म्हणजे माझ्यासारखा.
डावीकडचा नट जागेवर नव्हता.
(तो अंगणातच कुठेतरी आहे. एप्रिलमध्ये दिसेल.)
खालचं रबर बोटांत घेतलं तर
करपलेल्या केकच्या कडेसारखं चुरलं.
एकवीस हिवाळे सगळी थरथर त्याने गिळली
आणि मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

एडमंड्स्टनचं दुकान सोमवारी उघडणार.
वादळ रविवारी येणार.

माझे गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे वाटणी ठरलेली:
गोणपाटावर ती, बॅटरी धरायला मी.
बेचाळीस वर्षांत मला उजेड धरता आलेला नाही.
"माझ्या तोंडावर नको. नटावर."
"हा नट नाही, ही माझी करंगळी."

सायकलची ट्यूब पातळ.
बुटाचा तळ मऊ.
जाड हवं, कडक हवं, पण दगड नको.
ती आत गेली, बराच वेळ आली नाही,
मग रेजाँच्या खणातून
बर्फावरच्या हॉकीच्या दोन काळ्या चकत्या घेऊन आली.
एक कोरी. दुसरीवर पांढऱ्या शाईत तारीख,
आणि अकरा वर्षांच्या हातानं काढलेलं त्याचं नाव,
शेवटची अक्षरं जागा न उरल्याने चेंगरलेली.

मी कोरी उचलली.
तिनं दुसरी शिकंज्यात आवळली.
"अगं, ती..."
"ती मॅच हरले होते. नऊ–तीन.
जिंकल्याच्या तो घेऊन गेलाय अल्बर्टाला."

करवतीने आडवी चिरली, ड्रिल लावलं.
काळ्या शेवया गोणपाटावर पडत राहिल्या,
गोदामभर जळका वास.
तारखेतला सहा गेला.
नावातलं पहिलं अक्षर राहिलं, तेही ग्रीस लागेपर्यंत.
अर्धी चकती ब्रॅकेटच्या खाली, अर्धी वर,
दोन्हीकडे रुंद वायसर, मधून नवा बोल्ट.

"आवळ," मी म्हटलं.
तिनं आवळलं.
"अजून. परत सुटायला नको."
रबर कडेने जरा फुगलं, आणि ती थांबली.
"पाव फेरा तरी?"
"नाही. पिळलं की रबर मेलं.
मग प्रत्येक हादरा सरळ नळ्यांत जाईल,
आणि मार्चमध्ये तू मला गळती दाखवशील.
त्याला हलू दे.
पंख्यापर्यंत पोचू नये, एवढंच आपलं काम."
वरून तिनं दुसरा नट चढवला,
पहिल्याच्या पाठीला पाठ लावून.

ट्रॅक्टर सुरू केला.
तिनं हातमोजा काढून रेडिएटरच्या माथ्यावर तळवा ठेवला,
ताप बघतात तसा.
मी ओरडून विचारलं, "हलतोय?"
"हलतोय!" ती म्हणाली,
चेहऱ्यावर अशी खुशी, की वाटावं घरात कोणी पास झालंय.

रविवारी गुडघाभर पडलं.
तीन तास लोटलं, काटा मधल्या रेघेवर.
रात्री रेजाँचा फोन. तिकडे उणे अडतीस,
पाळ्या बदलल्यात, जेवण ठीक.
मी चकतीचं सांगायला तोंड उघडलं,
तिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.
"इकडे सगळं बरं," ती म्हणाली.
"तुझा बाप बॅटरी अजून वाकडीच धरतो."